पाय थांबवाल, पायडल थांबणार नाही!

घराच्या मागच्या पडवीत एक सायकल उभी असेल बघा. टायरांत हवा नाही, चेनवर गंजाचा थर आणि हँडलवर कुणीतरी वाळत घातलेलं फडकं. कधीकाळी बाबांची, काकांची नाहीतर मामाची. भंगारवाला दर दिवाळीला विचारतो आणि आई दर दिवाळीला ‘राहू द्या’ म्हणते.

आमच्या सिंदेवाहीत माझ्या वाट्याला आलेली ही अशीच. मामाची हीरो हॉक, वाकड्या हँडलची. नव्वदच्या दशकात ही सायकल दारात असणं म्हणजे आजची स्पोर्ट्स बाइक असण्यासारखंच, असं मामा सांगतो. मोबाइलवर फिक्स्ड गिअर सायकलींचे व्हिडीओ बघून बघून माझ्या डोक्यात किडा वळवळला. हिची ‘फिक्सी’ करायची. तुमच्याही डोक्यात तो वळवळत असेल, तर हे वाचा. कारण मी पहिल्यांदा केली ती चुकीची केली, आणि ती चूक मला थेट बांधीत घेऊन गेली.

फिक्सी म्हणजे नेमकं काय?

लहानपणीची तीनचाकी आठवते? पुढच्या चाकालाच पायडल. चाक फिरलं की पायडल फिरणार, पायडल थांबवलं की चाक थांबणार. उतारावर पाय वर उचलून ‘हुईईई’ करत गेलात, तर पायडल आपलं एकटंच गरागरा फिरायचं. फिक्स्ड गिअर म्हणजे तेच, फक्त चेन लावून मोठ्यांसाठी केलेलं.

साध्या सायकलच्या मागच्या चाकात फ्रीव्हील असतं. त्यामुळे पाय थांबवले तरी चाक फिरत राहतं आणि ‘कटकटकट’ असा ओळखीचा आवाज येतो. फिक्सीत हे फ्रीव्हीलच नसतं. त्याजागी घट्ट बसवलेलं एक दातेरी चक्र असतं, त्याला कॉग म्हणतात. चाक फिरतंय तोवर तुमचे पाय फिरणार. पुढे रेटलं की वेग वाढतो, मागे दाब दिला की कमी होतो. आराम नावाचा प्रकार नाही.

हे काही नवं फॅड नाही. सुरुवातीच्या पायडलच्या बहुतेक सायकली अशाच होत्या, पुढचं चाक माणसाएवढं उंच असलेली सायकलसुद्धा. सर्कशीत उलटी चालणारी सायकल फिक्सच, नाहीतर ती मागे जाणार कशी? टूर द फ्रान्स १९०३ मध्ये सुरू झाली, पण डिरेलरचा गिअर वापरायची मुभा तिथे १९३७ मध्ये मिळाली. पुढे न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर पार्सलं पोचवणाऱ्या पोरांनी ही सायकल पुन्हा उचलली, कारण तिच्यात बिघडायला फारसं काही नसतं. मग ती फॅशन झाली. २०१२ मध्ये ‘प्रीमियम रश’ हा सिनेमा आला. त्यातला हीरो बिनब्रेकची फिक्सी घेऊन न्यूयॉर्कच्या ट्रॅफिकमधून सुसाट सुटतो, आणि तो बघून जगभरच्या पोरांनी आपापल्या सायकलींचे ब्रेक काढून टाकले.

मीही काढले. त्याचीच गोष्ट आता.

चार दिवस राजा, पाचव्या दिवशी चिखलात

मी काय केलं? फ्रीव्हील वेल्डिंगवाल्याकडे नेलं आणि चार टाके मारून पक्कं करून घेतलं. झाली फिक्स! ब्रेक काढले, कारण व्हिडीओत कुणालाच नव्हते. सायकल घेऊन चौकातल्या मिस्त्रीकाकांसमोरून ऐटीत निघालो.

काकांनी एका नजरेत ओळखलं. “का गा बापू, बिरेक कुठं गेले?”

“काका, पायानंच थांबते ही.”

“पायानं थांबते का गा? मंग थांबवून दाखव.”

मी हसून पुढे गेलो. चार दिवस काहीच झालं नाही. पाचव्या दिवशी नवरगावच्या रस्त्याला होतो. जुलै महिना, दोन्हीकडे रोवणी सुरू. समोर म्हशींचा कळप आडवा आला आणि मी आयुष्यात पहिल्यांदा पायडलवर जीव खाऊन मागे दाब दिला. ‘खट्’ असा आवाज आला, आणि पायडल मोकळं होऊन उलटं फिरायला लागलं. चाक मात्र पुढेच चाललेलं. ब्रेक? ते घरी डब्यात होते. म्हशी आणि बांधी यांच्यात मी बांधी निवडली. रोवणी करणाऱ्या बायांना दिवसभर पुरेल एवढं हसू देऊन, गुडघा सोलून, सायकल हातात धरून घरी आलो.

काकांनी चाक उलटं करून दाखवलं तेव्हा कळलं. फ्रीव्हील हबवर आट्यांनी बसतं. पुढे पायडल मारलं की ते आवळत जातं. मागे जोर दिला की तेच आटे सुटायला लागतात. म्हणजे जोडणी चुकलेलीच होती, पण मी फक्त पुढेच पायडल मारत होतो म्हणून चार दिवस ती कळली नाही. वेल्डिंगनं फ्रीव्हीलच्या आतली फिरकी बंद झाली होती, हबवरची पकड तेवढीच राहिली होती.

म्हणून पहिलं वाक्य पाठ करा: वेल्डिंग केलेलं फ्रीव्हील म्हणजे फिक्सी नव्हे.

आधी खाच बघा

सायकल बाहेर काढा, उलटी करा आणि मागचं चाक चिमट्यात जिथे बसतं ती खाच बघा. ती आडवी आहे की उभी, यावर सगळं ठरतं.

फिक्सीत चेनला ढिलं राहून चालत नाही. साध्या गिअरच्या सायकलीत ढिली चेन ओढून धरायचं काम डिरेलर करतो. फिक्सीत तो नसतो. त्यामुळे चाक मागे-पुढे सरकवूनच चेन ताणावी लागते, आणि त्यासाठी खाच आडवी हवी.

आता गंमत ऐका. आजच्या महागड्या गिअरच्या सायकलींची खाच बहुतेक उभी असते. आणि आपल्याकडची ती काळी, दांड्याची, दूधवाल्याची सायकल? तिची खाच आडवी! म्हणजे फिक्सीसाठी लागणारी फ्रेम आपल्या गावात दर दुसऱ्या घरी आहे. जुनी ॲटलास असेल तर आणखी जपा. १९५१ मध्ये सुरू झालेल्या या कंपनीचा साहिबाबादचा कारखाना २०२० च्या जूनमध्ये बंद पडला, तोही जागतिक सायकल दिनाच्या दिवशी, ३ जूनला.

खाच बघून झाली की फ्रेम बघा. जोडांपाशी चीर नाही ना? चिमटा वाकलेला नाही ना? असेल तर तिथेच थांबा. गंज घासून निघतो, चीर निघत नाही.

कामाला लागू या

१. नको ते काढा. गिअरची सायकल असेल तर डिरेलर, गिअरचे खटके आणि केबल उतरवा. पुढे दोन चेनव्हील असतील तर एकच ठेवा. ब्रेक मात्र काढायचे नाहीत. ते पुन्हा सांगणार आहे.

२. मागचं चाक बदला. खरी फिक्सी ट्रॅक हबवर होते. या हबवर दोन प्रकारचे आटे असतात. आतले सरळ, त्यावर कॉग बसतो. बाहेरचे उलटे, त्यावर लॉकरिंग नावाची चकती बसते. मागे दाब दिल्यावर कॉग सुटायला निघाला की तो या चकतीवर आपटतो आणि उलट्या आट्यांमुळे ती आणखी आवळली जाते. माझ्याकडे नेमकी ही चकतीच नव्हती. ट्रॅक हब तालुक्याच्या दुकानात मिळेलच असं नाही. ऑनलाइन मागवा, किंवा नागपूरला जाणाऱ्या कुणाला तरी सांगून ठेवा. यातला ‘फ्लिप-फ्लॉप’ प्रकार घ्या. त्याच्या एका बाजूला फिक्स कॉग बसतो आणि दुसऱ्या बाजूला साधं फ्रीव्हील. चाक काढून उलटं बसवलं की सायकल बदलली!

३. रुंदी जुळवा. ट्रॅक हब सहसा १२० मिलिमीटर रुंद असतं. जुन्या गिअरच्या सायकलींचा मागचा चिमटा त्याहून थोडा रुंद, बऱ्याचदा १२६ चा असतो. फरक एक्सलवर दोन्हीकडे सारखे वॉशर टाकून भरून काढा. जुनी रिम नव्या हबवर आवळून घेणार असाल, तर आउट काढायचं काम मिस्त्रीकडेच द्या. ते हात वर्षानुवर्षांच्या सरावानं तयार होतात.

४. चेन एका रेषेत आणा. पुढचं चेनव्हील आणि मागचा कॉग एका सरळ रेषेत हवेत. दोरा ताणून धरून बघा. रेषा चुकली तर चेन आवाज करते, आणि एखाद्या दिवशी उतरते. साध्या सायकलीची चेन उतरली तर हात काळे होतात. फिक्सीची उतरली तर मागचं चाक जाम होऊ शकतं.

५. चेन ताणा. चाक मागे ओढा, नट आवळा आणि चेन मधोमध बोटानं वर-खाली करून बघा. साधारण अर्धा इंच हलली पाहिजे. पायडल पूर्ण फिरवत चार ठिकाणी तपासा.

६. कॉटर पिन तपासा. जुन्या सायकलीत क्रँक कॉटर पिनवर असतो. फिक्सीत दाब पुढेही येतो आणि मागेही, त्यामुळे ही पिन लवकर ढिली होते. पहिल्या आठवड्यात रोज बघा. ‘टक् टक्’ ऐकू आलं की समजा, पिन बोलतेय.

थोडं गणित, परीक्षेला नसलेलं

किती दात्यांचं चेनव्हील आणि किती दात्यांचा कॉग? समजा पुढे ४४, मागे १६. ४४ भागिले १६ म्हणजे २.७५. पायडलचा एक फेरा झाला की चाकाचे पावणेतीन फेरे होतात. हॉकसारख्या २७ इंची चाकाचा परीघ साधारण २.१८ मीटर. म्हणजे एका फेऱ्यात सायकल जवळजवळ ६ मीटर जाते.

मिनिटाला ६० फेरे मारले तर ताशी साडेएकवीस किलोमीटर. छान. आता उतार लागला आणि वेग ४० झाला, तर पाय मिनिटाला १११ वेळा फिरणार. तुम्ही फिरवणार नाही, सायकल फिरवून घेणार! आपला धानपट्टा सपाट आहे म्हणून रोज हे होत नाही. पण तलावाच्या पाळीवरून उतरताना किंवा पुलाच्या उतारावर हे गणित तुमच्या मांड्या सोडवतात.

आणखी एक गंमत. फिक्सीवाले पाय जाम करून मागचं चाक घसरवतात, त्याला स्किड म्हणतात. पुढे ४८ आणि मागे १६ घेतले, तर भागाकार बरोबर ३. म्हणजे त्याच पायावर स्किड मारली की दरवेळी टायरचा तोच ठिपका रस्त्यावर घासणार, आणि टायरला एकाच जागी भोक पडणार. ४६ आणि १७ घेतले तर तीच झीज १७ जागी वाटली जाते. मूळ संख्या कशाला शिकायच्या, असं विचारायचो ना आपण शाळेत?

ब्रेक. ब्रेक. ब्रेक.

ट्रॅकवरच्या शर्यतीच्या सायकलींना ब्रेक नसतात, हे खरं आहे. पण ट्रॅक म्हणजे काय, ते बघा. पुण्यात बालेवाडीला आहे तसा व्हेलोड्रोम. वळणांवर उचललेला, सगळे एकाच दिशेला जाणारे, आणि मध्ये म्हैस येत नाही. तिथे पुढच्यानं अचानक ब्रेक मारला तर मागचे सगळे त्याच्यावर पडतील, म्हणून कुणालाच ब्रेक नसतो. जपानमध्ये १९४८ पासून चालत आलेली केरिनची शर्यत अशीच. इटलीच्या फिलिप्पो गान्नानं २०२२ मध्ये एका तासात ५६.७९२ किलोमीटर कापले, तेही फिक्स्ड गिअरवर आणि बंद ट्रॅकवर.

हे फार लांबचं वाटतंय? मग आपल्या शेजारच्या भंडारा जिल्ह्यातल्या मयूरी लुटेकडे बघा. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ती भारताकडून ट्रॅक सायकलिंगमध्ये उतरली. फिक्स्ड गिअर तिच्यासाठी रीलचा विषय नाही, रोजचा सराव आहे. तुम्हालाही खेळ म्हणून यात उतरायचं असेल, तर गोल आणि सलग पायडल मारायची सवय लावणारी याहून चांगली शाळा नाही.

पण रस्ता हा ट्रॅक नव्हे. सायकल थांबवताना वजन पुढे जातं, मागचं चाक हलकं होतं आणि घसरायला लागतं. नुसत्या पायांच्या जोरावर थांबायला ब्रेकपेक्षा कितीतरी जास्त अंतर लागतं. म्हणून पुढचा ब्रेक हवाच. दोन्ही असतील तर उत्तम. काळ्या सायकलीचा रॉड ब्रेक असेल तर त्याचे रबर नवे टाका.

आणि हात! चालत्या फिक्सीची चेन फडक्यानं पुसायला जाऊ नका. चाकाला गती असेल तर चेन थांबत नाही. बोट चेन आणि दात्यांमध्ये गेलं तर ते परत येईलच असं नाही. ओढणी, पँटचा पायघोळ, बुटाची लेस यांचंही तेच. सगळं खोचून, बांधून मगच बसा.

आपल्या रस्त्यांचा आणखी एक नियम

फिक्सीला ‘कटकट’ नसते. ती अगदी गुपचूप चालते. शहरातल्या पोरांना याचं कौतुक. आपल्याकडे मात्र विचार करावा लागतो.

सिंदेवाही, शिवणी, गुंजेवाही हा सगळा पट्टा वाघाचा. २०२५ च्या मे महिन्यात याच तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. जंगलातून जाताना बोलत जा, आवाज करत जा, असं घरातली मोठी माणसं उगाच सांगत नाहीत. तेव्हा फिक्सीला मोठ्या आवाजाची घंटी लावा आणि वाजवत जा. पहाटे, तिन्हीसांजेला जंगलाच्या रस्त्यावर ही सायकल काढूच नका. एकटे तर नाहीच. वेगानं वळून परत फिरायची वेळ आली, तर नवशिक्याचे पाय फिक्सीवर गोंधळतात.

शिकायचं कुठे?

धान निघाल्यावरचं मोकळं खळं किंवा शाळेचं मैदान, तेही रिकामं असताना. पहिले काही दिवस तुम्ही हमखास विसराल. वर्षानुवर्षांची सवय, पाय आपोआप थांबवाल, आणि पायडल तुम्हाला सीटवरून उचलून देईल. सीट थोडी खाली ठेवा. वळताना आतलं पायडल खाली गेलं तर जमिनीला घासतं, म्हणून वळण हळू आणि रुंद घ्या. गतिरोधकावर पाय सारखे धरून उभं राहता येत नाही, आधीच वेग कमी करा. थांबायचं असेल तर ‘मला थांबायचंय’ हे चार पायडलं आधी ठरवा.

आणि ही सायकल सोडून द्या

पडवीत अजून एक सायकल असू शकते, ताईची. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना मिळते ती. ताई बारावी झाली, नागपूरला गेली आणि सायकल तशीच उभी. खाच तिचीही आडवी असते. पण तिच्यावर प्रयोग करू नका. ट्यूब बदला, ऑइलिंग करा, ब्रेक आवळा आणि गल्लीतल्या ज्या मुलीला अजून मिळाली नाही तिला द्या. शाळेत वेळेवर पोचायला तिला साधं फ्रीव्हीलच हवं.

खरं सांगायचं तर रोज दप्तर, डबा आणि कॅरिअरवर धाकटा भाऊ घेऊन कॉलेजला जाणाऱ्या तुम्हालाही बहुतेक दिवस फ्रीव्हीलच हवं. म्हणूनच फ्लिप-फ्लॉप हब. माझ्या हॉकला आता तेच आहे. सोमवार ते शनिवार फ्रीची बाजू, रविवारी मैदानावर फिक्सची.

मागच्या रविवारी मिस्त्रीकाका मैदानावर आले. म्हणाले, “आण इकडं, मी पाहतो.” एक चक्कर मारली. दुसऱ्या चकरेत सवयीनं पाय थांबवले आणि सीटवरून चांगले हातभर उडाले. सायकल थांबवली ती पुढच्या ब्रेकनं. उतरले, ब्रेकचा खटका दोनदा दाबून बघितला, खिशातून पाना काढला आणि काही न बोलता तो अर्धा आटा आवळून दिला.

या रविवारी तुमची सायकल पडवीतून बाहेर काढा. आधी नुसती खाच बघा.